गॅरेजचं दार आणि माझा शांत स्वभाव

२ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

रिटायर होऊन आज दुसरा दिवस. एकतीस वर्षं वजनमाप निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे तपासले, खोटी मापं जप्त केली, खऱ्यांवर शिक्के मारले. आता शांतता. आजपासून रोजनिशी लिहिणार. कोणाला दाखवायची नसल्यामुळे यात फक्त खरं.

संकल्प: चिडायचं नाही. मुळात मी चिडत नाहीच, म्हणून हा निवडला. सुरुवात झेपेल अशी करावी.

हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं. मग विचारलं, आजपासून की उद्यापासून. आजपासून, असं मी शांतपणे सांगितलं. सांगताना हात टेबलावर जरा जोरात पडला. चहा सांडला. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

सायंकाळी ५.३०

ट्रॅक्टर आला. घरामागच्या अडीच एकर पेरूच्या बागेसाठी. लहान, लाल, देखणा. सीटच्या मागे जाड लोखंडी कमान आहे: दोन उभे खांब, वर आडवा दांडा. ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा खाली चिरडू नये म्हणून. आणून देणारा तिला रोल बार म्हणत होता. मला तिची गरज नाही. उलटवणारे वेगळे असतात.

उद्या गॅरेजात लावायचा.

३ नोव्हेंबर, सकाळी ११.००

गॅरेजविषयी आधी लिहायला हवं. आमचं घर आणि धाकट्या भावाचं घर शेजारीशेजारी. मध्ये सामाईक गॅरेज. नऊ वर्षांपूर्वी ते धाकट्याने गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलं. मी तेव्हा दौऱ्यावर होतो, नाहीतर नीट झालं असतं. धाकट्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबतो, आणि याला शिकवणं म्हणतो. गॅरेजच्या डाव्या बाजूला त्याची शिकवायची गाडी. उजवी बाजू माझी.

सकाळी ट्रॅक्टर आत घ्यायला निघालो. धाकटा बाहेर उभा होता. म्हणाला, दादा, दाराची उंची मोजलीस का. ज्याने एकतीस वर्षं लोकांची मापं काढली त्याला हा प्रश्न. सांगितलं, नजरेने मोजली. तो म्हणाला, जरा थांब, एक सांगायचंय. मी थांबलो नाही. सकाळच्या वेळी सल्ला घेऊ नये, दिवस वाया जातो.

पहिला गिअर. बॉनेट आत गेलं. पुढची चाकं आत गेली. मी आत गेलो. कमान गेली नाही.

आवाज असा झाला की भावजय ओल्या हातांनी धावत बाहेर आली. दारावरच्या लिंटेलचा, म्हणजे भिंत पेलणाऱ्या आडव्या तुळईचा, एक ठोकळा सुटला तो थेट धाकट्याच्या गाडीच्या पुढच्या काचेवर. काचेचं जाळं झालं. माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं, भुवईतून रक्त.

खाली उतरलो. दाराच्या चौकटीला एक लाथ घातली. अंगठा. बादली उचलून भिंतीवर मारली. बादली परत आली. पुन्हा मारली, या वेळी फुटली.

धाकटा म्हणाला, दादा, फार लागलं का. मग त्याने आपल्या गाडीकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. त्याचं हे काही न बोलणं मला लहानपणापासून लागतं.

काच आधीच कमकुवत असणार.

नोंद: ट्रॅक्टर दाराला धडकला असं सगळे म्हणताहेत. ट्रॅक्टर सरळ रेषेत जात होता. मध्ये दार आलं.

४ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

टेप घेऊन मोजलं. दाराची उंची सात फूट. जमिनीपासून कमानीच्या दांड्यापर्यंत सात फूट आठ इंच. म्हणजे दार आठ इंच कमी. यापेक्षा कितीतरी लहान तफावतीसाठी मी माणसांच्या दुकानांना सील लावलं आहे.

धाकट्याला रीतसर नोटीस लिहिली. विषय: सदर दाराच्या मापातील तूट. सात दिवसांत खुलासा करावा. दारावर खिळ्याने ठोकली. खिळा वाकला, तेव्हा दुसरा ठोकला, तोही वाकला, मग हातोडी बागेत फेकली. शोधायला एक तास गेला.

धाकट्याने नोटीस वाचली. घडी केली. खिशात घातली. शिकवणीला गेला.

फुटक्या काचेवर चिकटपट्टी लावून शिकवतो. विद्यार्थ्यांना रस्ता नीट दिसत नसेल. चालायचंच. मलाही सुरुवातीला दिसायचा नाही.

६ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

उपाय सापडला. अगदी साधा. चारही टायरमधली हवा सोडली. ट्रॅक्टर दीड इंच खाली आला. उरले साडेसहा. वेगाने गेलं तर वजनाने टायर आणखी दबतील, कमान जराशी मागे झुकेल, लिंटेलही थोडं समजून घेईल. हे विज्ञान आहे. हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, मी आत जाते.

दुपारी १.००

दुसरा गिअर.

लिंटेलला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. मान आखडली. जीभ चावली गेली, तोंडात रक्ताची चव. ट्रॅक्टरचा मागचा दिवा उगाच लुकलुकत होता, म्हणून पान्याने फोडला. मग दुसराही फोडला, एकच फुटका बरा दिसत नव्हता. मग लिंटेलवर पाना मारायला लागलो तेव्हा ही बाहेर आली आणि पाना धरला. मी पाना ओढला. हिचं मनगट दाराच्या कडीवर आपटलं.

मध्ये येऊ नये, असं मी तिला किती वर्षं सांगत आलो आहे.

मनगट सुजलं आहे. बर्फ मीच आणून दिला. हे इथे मुद्दाम लिहितो.

ती म्हणाली, तुम्ही चिडायचं नाही ठरवलं होतंत. मी म्हटलं, मी चिडलेलो नाही, मी काम करतोय.

८ नोव्हेंबर, सायंकाळी ४.१५

नवा विचार. दार वर जात नसेल तर जमीन खाली न्यायची. चाकांच्या रेषेत दोन चर, आठ-आठ इंच खोल. सकाळी सातला कुदळ घेऊन उभा राहिलो. तीन तास एकट्याने खणलं. फार बरं वाटलं. प्रत्येक घावाला एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणला: एक वरिष्ठ अधिकारी, एक किराणावाला, दोन मेहुणे. कुदळ मारताना मन इतकं स्थिर होतं की हेच ध्यान असावं असं वाटलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी पाण्याचा पाइप.

फवारा थेट हनुवटीवर. मी मागे पडलो. उठून पाइप कुदळीच्या पाठीने चेचला, म्हणजे तोंड बंद होईल. दुसरीकडून फुटला. तिथेही चेचला. दोन्ही घरांचं पाणी गेलं. मी गुडघाभर चिखलात, भावजय साबण लावलेली भांडी हातात धरून दारात, आणि धाकट्याने शांतपणे जाऊन रस्त्याकडचा व्हॉल्व्ह बंद केला. हा माणूस शांत दिसतो याचा मला फार त्रास होतो. खरा शांत मी.

मग तो माझ्याजवळ येऊन हळूच बोलला. म्हणाला, दादा, ती कमान दुमडते. दोन्ही बाजूंना एकेक पिन आहे. पिना काढल्या की कमान मागे पडते. दारातून आत जायचं आणि बाहेर आलं की पुन्हा उभी करायची. सगळ्या बागेच्या ट्रॅक्टरना असतं तसं. त्या दिवशी तेच सांगत होतो.

मी म्हटलं, मला माहीत आहे.

माहीत नव्हतं. आता झालं. पण विषय पिनांचा नाही. खोट्या मापाचं दार ताठ उभं राहणार आणि खऱ्या मापाची कमान वाकणार? मी आयुष्यभर याच्या उलट काम केलं. त्याला सांगितलं, कमान दुमडणार नाही. तो म्हणाला, दादा, ती दुमडायलाच केलेली आहे. मी कुदळ जमिनीत जोरात रोवली. त्याच्या पायापासून बरीच लांब होती. चार बोटं तरी.

१० नोव्हेंबर, सकाळी ९.००

आज एक प्रसंग घडला. जसा घडला तसा लिहितो.

साडेसहाला खिडकीतून पाहिलं तर धाकटा माझ्या ट्रॅक्टरवर. एक पिन काढून झाली होती, दुसरीला हात घातलेला. मी शांतपणे खाली गेलो. चपला घालायच्या राहिल्या. त्याची कॉलर धरून त्याला खाली उतरवलं. तो म्हणाला, दादा, सोड, माझी गाडी चार रात्री रस्त्यावर उभी आहे, मी फक्त ट्रॅक्टर आत लावून देतो, तू झोप. झोप हा शब्द त्याने वापरायला नको होता.

यानंतर माझी मूठ आणि त्याचं तोंड यांचा संपर्क आला. एकदा. दुसऱ्या वेळी त्याने मान फिरवल्यामुळे कान. मग तो चिखलात बसला आणि मी त्याच्या छातीवर गुडघा टेकवला, तो उठून उगाच आणखी काही बोलू नये म्हणून.

वरचा पुढचा दात पडला. आधीपासून हलत असणार, एका ठोशात निरोगी दात पडत नाही.

त्याने मला उलटून मारलं नाही. मारू शकला असता. माझ्यापेक्षा चौदा किलोने जड आहे, हे मी अधिकाराने सांगू शकतो. त्याने चिखलात चाचपडून दात शोधला, शर्टाला पुसला, रुमालात बांधला आणि घरात गेला. दार हळू लावलं.

मी पिन परत बसवली. दोन्ही पिनांची टोकं हातोडीने ठोकून अशी चपटी केली की आता त्या कोणाच्या बापाला निघणार नाहीत. कमान आता कायमची उभी. बरं वाटलं. मूठ मात्र फुटली आहे. दात लागला.

११ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

हवालदार येऊन गेला. भावजयीने बोलावलं होतं. मी त्याला खुर्ची दिली, सरकारी नोकरीतले दोघे म्हणून गप्पा मारायला सुरुवात केली. तो म्हणाला, आधी भावाला विचारू.

धाकटा आला. ओठ सुजून जांभळा, कान लाल. हवालदाराने विचारलं, कोणी मारलं. धाकटा म्हणाला, पाय घसरला. चिखल आहे. भावजयीने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याची दयाच आली. मग ती घरात निघून गेली.

यावरून धाकट्याला त्याची चूक कळली असं दिसतं.

जाताना हवालदाराने माझ्या पट्टी बांधलेल्या मुठीकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाला, पुढच्या वेळी मी भावाला विचारणार नाही, नुसता त्याचा जबडा बघेन आणि तुम्हाला घेऊन जाईन. मनमोकळा माणूस. आमच्या खात्यात असे कमी होते.

१२ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

ही भावजयीकडे मदतीला गेली आहे. धाकट्याला चावता येत नाही, सगळं मऊ करून द्यावं लागतं. दोन दिवसांचा प्रश्न. उशी घेऊन गेली. गोळ्यांचा डबा घेऊन गेली. शिलाई मशीनही नेलं. मदत मोठी असावी.

विचारलं, परत कधी. म्हणाली, बघते.

१४ नोव्हेंबर, दुपारी २.००

स्वयंपाक अवघड नाही, भांडी अवघड आहेत. आज भात तळाला लागला, कालथ्याने खरवडला तर पातेल्याला पोचा पडला. ते पातेलं मूळचंच चुकीच्या धातूचं. खिडकीतून बाहेर टाकलं. खिडकी बंद होती.

मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा, आईला काही दिवस तिथेच राहू द्या. मी म्हटलं, मी कुठे तिला अडवलं आहे, ती मदतीला गेली आहे. मुलगी म्हणाली, तुम्हाला खरंच तसं वाटतं का. मी फोन ठेवला. जरा जोरात ठेवला गेला. आता फोन लागत नाही, म्हणून ती पुन्हा करत नसेल.

१७ नोव्हेंबर, दुपारी १२.५०

गवंड्याला बोलावलं. हाच तो, ज्याने नऊ वर्षांपूर्वी दार बांधलं. शिडी लावून वर चढला, तड्यात बोट घालून पाहिलं. म्हणाला, साहेब, वरची सगळी भिंत या लिंटेलवर बसली आहे. आता हे फोडायचं तर आधी खालून टेकू द्यावे लागतील, मग हळूहळू काढू. आठवडा जाईल. मी म्हटलं, आजच्या आज फोड. तो म्हणाला, आज फोडलं तर भिंत अंगावर येईल. आणि दार काही चुकलेलं नाही साहेब, गाडीचं दार आहे, सात फूटच असतं.

शिडी मी खालून धरली होती, आधारासाठी. बोलताना माणूस हातवारे करतो. गवंडी शिडीवरून खाली आला, बराचसा एकदम. वाळूचा ढीग होता, त्यामुळे काही झालं नाही, नुसता कोपर सोलला. उठून वाळू झटकली, थापी उचलली आणि चालायला लागला. फाटकाशी थांबून म्हणाला, तुमच्या भावाने बोलावलं तर येईन.

हल्ली कामाची माणसं मिळत नाहीत.

१९ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

आपलं काम आपणच करावं. फिटरकडून घण आणला. बारा पौंडांचा म्हणाला. मी हातात तोलून पाहिला, साडेअकरा. सोडून दिलं.

पहिला घाव: चुरा. दुसरा: आतली सळई दिसली. तिसरा, चौथा: लिंटेलचा उजवा कोपरा खाली बसला. काय सुख असतं ते सांगता येत नाही. पाचव्या घावाला तोंडातून आवाज निघाला. माझाच होता पण ओळखीचा वाटला नाही. सहाव्याला घण सळईवरून उसळला आणि माझ्या नडगीवर.

जमिनीवर बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते सिमेंटमुळे. वर पाहिलं तर धाकट्याच्या घराच्या खिडकीत ही उभी. मी हात केला. पडदा लागला. ऊन येत असेल.

२० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

आज शेवट. योजना पक्की. साखळीचं एक टोक लिंटेलच्या उघड्या सळईला. दुसरं टोक ट्रॅक्टरच्या कमानीला, वरच्या दांड्यावर. ट्रॅक्टरचं तोंड रस्त्याकडे. टायरमध्ये हवा भरून आणली. पहिला गिअर, पूर्ण थ्रॉटल. लिंटेल बाहेर. दहा मिनिटांचं काम. आठ वाजता दार मोकळं, सव्वाआठला ट्रॅक्टर आत, साडेआठला हिला परत बोलावणार. आज तिच्यासाठी चहा मी करणार आहे.

मन अगदी शांत आहे.

२३ नोव्हेंबर, हॉस्पिटल, दुपारी ४.००

डावा हात प्लास्टरमध्ये, दोन बरगड्या मोडल्या, श्वास घेतला की सुरी फिरते. उजव्या हाताने लिहितो आहे. घडलं ते असं.

साखळी बांधून ट्रॅक्टरवर बसलो तेव्हा धाकटा धावत आला. तोंडाला रुमाल. म्हणाला, दादा, साखळी इतक्या वर बांधू नको, ओढ वरून बसली तर पुढची चाकं उचलतील, ट्रॅक्टर मागे उलटेल. मी म्हटलं, मी तुझ्याकडे ड्रायव्हिंग शिकायला आलेलो नाही. तो येऊन ट्रॅक्टरच्या पुढे उभा राहिला. म्हणाला, मी हलणार नाही.

मी गिअर टाकला.

हलला. अगदी शेवटी हलला. मडगार्ड त्याच्या मांडीला घासून गेलं. हे लिहू नये असं वाटत होतं, पण यात फक्त खरं लिहायचं ठरलं आहे. तो हलेल याची मला खात्री होती. खात्री होती असं वाटतं.

साखळी ताणली. कमान कुरकुरली. इंजिन ओरडायला लागलं. मी थ्रॉटल आणखी ओढला. मग पुढची चाकं जमिनीवरून उठली, फार सावकाश, जसा एखादा माणूस खुर्चीवरून उठतो तसा. समोर रस्ता होता, मग झाडं, मग नुसतं आकाश. क्लच दाबायला हवा हे कळत होतं. पाय सापडला नाही.

कमान जमिनीवर आदळली तो आवाज आठवतो. मी सीट आणि कमान यांच्या मधल्या जागेत उलटा. हाताचं हाड मोडताना कोरड्या फांदीसारखं वाजलं. वर मोठी चाकं फिरत होती, मातीचे गोळे तोंडावर येत होते. मग लिंटेल सुटलं आणि त्याच्या मागून भिंत. विटा ट्रॅक्टरच्या पोटावर पडत राहिल्या. एकेक. कोणी तरी मोजत असल्यासारख्या.

धाकटा पोटावर सरपटत आत आला. विटा अजून पडत होत्या. एक त्याच्या खांद्यावर बसली, तो कण्हला, थांबला नाही. आधी इंजिन बंद केलं. मग माझ्या तोंडातली माती बोटाने काढली. म्हणाला, दादा, डोळे उघडे ठेव. दात नसल्यामुळे नीट कळत नव्हतं, पण तो तेच म्हणत होता. उघडे ठेव, उघडे ठेव.

डॉक्टर म्हणाले, ती कमान नसती किंवा दुमडलेली असती तर तुम्ही इथे आला नसतात. हे धाकट्याला सांगायला हवं. कमान न दुमडण्याचा निर्णय शेवटी बरोबर ठरला.

२५ नोव्हेंबर, घर, सकाळी १०.००

घरी आणलं. ही सकाळी येते, तोंड धुवायला पाणी देते, भरवते, अंथरूण नीट करते. संध्याकाळी शेजारी जाते. मदत अजून चालू आहे. फारसं बोलत नाही. मनगटाला पट्टी आहे. मी म्हटलं, अजून बरं झालं नाही का. म्हणाली, हाड चिरलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

खिडकीतून गॅरेज दिसतं. म्हणजे जिथे होतं ती जागा. तीन भिंती आणि पुढे मोकळं. आता त्यात विमानही जाईल.

पडल्या पडल्या खूप विचार केला. धाकट्याने काही चुका केल्या: दार, सल्ले, पिनेला हात. पण मोठ्या भावाने किती ताणायचं. त्याला माफ करायचं ठरवलं आहे. तो संकोचाने येत नाहीये. पहिलं पाऊल मीच टाकलं पाहिजे. त्याला निरोप धाडला की ये, मनात काही नाही. काय बोलायचं ते लिहून काढलं. सात वाक्यं. पहिलं: झालं गेलं विसरून जा. शेवटचं: तू माझ्यासाठी आत आलास हे मी लक्षात ठेवीन. मधली पाच त्याच्या चुकांविषयी आहेत, पण सौम्य.

ही परत येईल. हे दोघे माझ्या पुढाकाराची वाट पाहत आहेत, हे आता स्पष्ट आहे.

२७ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

धाकटा आला. खुर्ची पलंगाजवळ होती, ती जरा मागे ओढून बसला. खांद्याला पट्टा. नवा दात अजून बसवलेला नाही, स म्हणताना शीळ वाजते. म्हणाला, चौघांनी मिळून ट्रॅक्टर सरळ केला. इंजिन ठीक आहे. विटा उचलल्या, पाइप जोडला. गवंडी सोमवारी येतो म्हणाला, फक्त दादा तिथे उभे नकोत एवढंच बोलला. दार आता साडेआठ फुटी करू, म्हणजे तुला त्रास नाही.

म्हणजे तुला त्रास नाही, असं म्हणाला.

ही औषधाची बाटली घेऊन दारापाशी आली होती. सगळं जमून आलं होतं. मी मनात पहिलं वाक्य जुळवलं. मग वाटलं, बोलण्याआधी त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. चांगल्या खांद्यावर. लहान असताना शाळेत नेताना ठेवायचो. उजवा हात उचलला.

त्याचे दोन्ही कोपर तोंडावर आले. मान खाली, डोळे मिटलेले. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली. हिच्याकडे पाहिलं तर ती दारात नव्हती. दाराच्या मागे होती, बाटली छातीशी धरून.

धाकट्याने कोपर खाली घेतले. कानापर्यंत लाल झाला होता. जणू त्यानेच मला मारलं होतं, असा ओशाळला होता. म्हणाला, काही नाही दादा, सवय.

मी वाक्य शोधत होतो. सातांपैकी एकही यासाठी नव्हतं.

हात अजून वरच होता. तो कुठे ठेवायचा ते कळेना. पांघरुणाखाली ठेवला.